मुलांना बाटिक शिकवायचंय: गरम मेण की मैद्याची खळ?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पालकांचा एक प्रश्न ठरलेला: "ताई, बाटिक घरी जमेल का?" जमतं. बाटिक म्हणजे कापडावर मेणाने किंवा खळीने नक्षी काढायची आणि मग रंगवायचं; झाकलेल्या जागी रंग चढत नाही. पण यातलं कोणतं जमेल, हे मुलाच्या वयाइतकंच नागपूरच्या हवेवर ठरतं. मला ते एक अख्खी बादली वाया गेल्यावर कळलं.

मे महिना, दहा-बारा वर्षांची सहा पोरं, मांजरपाटाचे रुमाल. मेणाची फुलपाखरं झकास उतरली होती. रंगासाठी पाणी घेतलं ते गच्चीवरच्या टाकीचं, आणि दुपारी दोनला आपल्याकडे त्या नळाखाली हात धरवत नाही. "ताई, रंग आत जाऊन राहिला!" एक पोरगी ओरडली. पॅराफिन मेण प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या आधीच पडतं. फुलपाखरांचे निळे डाग झाले.

गरम मेणाची गंमत मात्र दुसऱ्या कशात नाही. जावामध्ये 'चांटिंग' नावाची बारीक तोटीची तांब्याची वाटी वापरतात. तिच्यातून मेणाची रेघ झरते. इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे रवींद्रनाथ १९२७ मध्ये जावाला जाऊन आले आणि पुढे शांतिनिकेतनात ही कला रुजली. नागपूरहून त्यातल्या त्यात जवळ म्हणजे उज्जैनजवळचं भेरूगढ, तिथे आजही बाटिकची छपाई चालते. मुलांना रेघ ओढताना एकच खूण शिकवायची: कापड तेल लागल्यासारखं पारदर्शक दिसलं तर मेण आत उतरलं, पांढरट दिसलं तर ते वरच बसलंय आणि रंग खालून घुसणार. बाटिकच्या त्या प्रसिद्ध भेगा पॅराफिनमुळे पडतात, कारण ते ठिसूळ असतं. मधमाशीचं मेण लवचीक. दोन्ही मिसळून घ्या. भेगा जास्त हव्या असतील तर पॅराफिन वाढवायचं.

जोखीमही इथेच आहे. मेणाचं भांडं थेट आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात ठेवा. धूर दिसला की आच बंद. पेट घेतलाच तर झाकण घालायचं, पाणी कधीच नाही. तीन-चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. शिवाय पंखा-कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर तोटीतलं मेण कापडावर पोचेपर्यंत थिजतं. मे महिन्यात कूलर बंद करून पोरांना बसवून बघा! रंगाची पूड मोठ्यांनीच, नाकाला फडकं बांधून कालवावी. आणि शेवटी मेण काढायला कापड उकळलं की ते पाणी मोरीत ओतू नका. नळीत मेण थिजून बसतं. गार होऊ द्या, वर आलेला मेणाचा थर उचलून पुन्हा वापरा.

मैद्याच्या खळीला हे काहीच लागत नाही. अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, दोन चहाचे चमचे तुरटीची पूड. गुठळ्या मोडून मेंदीच्या कोनात भरायचं. कोन आपल्या पोरींच्या हाताला आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुरेख वेली निघतात. (पोरं बहुधा क्रिकेटची बॅट काढतात. चालतं.) इथे नागपूरचं ऊन आपल्या बाजूने असतं: सावलीतसुद्धा खळ काही तासांत कडक होते, कापड चुरगाळलं की तडतडून भेगा पडतात. मग कापडासाठी मिळणारे रंग (फॅब्रिक कलर) ब्रशने लावायचे, वाळवायचे, उलट बाजूने इस्त्री फिरवायची आणि पाण्यात भिजवून खळ खरवडायची. पावसाळ्यात मात्र हा नाद नको, खळ वाळत नाही आणि आंबूस वास मारते.

उणं काय? रेघ जाड येते. रंग एकाच बाजूने बसतो. कापड बादलीत बुडवता येत नाही, खळच विरघळते. म्हणून आधी पिवळा, त्यावर लाल, त्यावर तपकिरी असे थर चढवण्याची जी मेणातली मजा, ती इथे नाही. पण कुणी "हे खरं बाटिक नाही" म्हणून नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका. जपानमध्ये तांदळाच्या खळीने आणि नायजेरियात योरुबा लोक कसाव्याच्या खळीने पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवत आलेत.

माझ्याकडे आता असं चालतं. सहाच्या आतल्यांना कागद आणि पांढरी मेणबत्ती. वरून जलरंग फिरवला की चित्र उमटतं, तेवढं पुरे. सहा ते नऊ, उन्हाळ्यात: खळ. दहाच्या वर आणि हात स्थिर असेल तर गरम मेण, पण दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. मेणासाठी गार पाण्यात चढणारेच रंग लागतात; डिसेंबरात ते सावकाश चढतात, कापड रात्रभर बुडवून ठेवावं लागतं. कापड दोन्ही प्रकारांत सुतीच हवं, आणि आधी धुऊन त्याला गिरणीत लावलेली खळ काढलेली. गांधीबागेत कापड घेताना दुकानदार 'मिक्स' (पॉलिस्टर मिसळलेलं) पुढे करतो, तेव्हा एक धागा ओढून जाळून बघा. राख झाली तर घ्या, गोळी झाली तर पुढचं दुकान.