आर-२२च्या जुन्या एसीची दुरुस्ती: गॅस हवेत न सोडणारे दुकान

एसी दुरुस्तीबद्दल लिहिताना माणूस किती वेळेवर आला, खोली किती गार झाली आणि पैसे किती घेतले, एवढेच बहुतेक जण लिहितात. म्हापशाच्या या दुकानाबद्दल मला प्रामुख्याने वेगळेच सांगायचे आहे. आमच्या यंत्रात उरलेल्या जुन्या गॅसचे त्यांनी काय केले, त्यावरून मी त्यांची पारख केली.

आम्ही राहतो त्या पणजीजवळच्या करंझाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात आउटडोअर युनिटची कॉइल फार काळ धड राहत नाही. आमचा दीड टनी स्प्लिट एसी आर-२२ गॅसवर चालणारा, म्हणजे जुन्या पिढीतला आहे. यापूर्वी येणारा मेकॅनिक दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ असे सांगून तो भरून जात असे. गळती कुठे आहे हे त्याने कधी पाहिले नाही, आणि एकदा तर नळी सोडताना आतला उरलासुरला गॅस फुस्सकन मोकळ्या हवेत सोडून दिला. या दुकानाचा कारागीर मात्र आल्या आल्या म्हणाला, “काका, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? तो गळतोच.” कॉइलच्या एका वाकावर तेलाचा चिकट डाग त्याला दिसला. तिथे साबणाचा फेस लावताच बारीक बुडबुडे धरू लागले.

गळती घरातल्या युनिटमध्ये असती, तर सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून व्हॉल्व्ह बंद करणे पुरले असते. इथे बाहेरचीच कॉइल फुटलेली असल्यामुळे तो मार्ग बंद होता. म्हणून त्याने रिकव्हरी मशीन जोडून गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, ब्रेझिंग केले म्हणजे वितळवलेल्या धातूने फुटलेली जागा सांधली, नायट्रोजनचा दाब देऊन सांधा तपासला, मग व्हॅक्यूम पंप लावला आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा सरकत नाही ना, हे पाहत निवांत बसून राहिला. शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर तोलून भरला. अंदाजाने, नळीला हात लावून गारवा पाहत गॅस भरण्याची आपल्याकडची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या काट्याचे मोल कळेल.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांसाठी थोडा तपशील देतो. आर-२२ म्हणजे क्लोरोडायफ्लुओरोमिथेन, आणि यातला घातक घटक म्हणजे क्लोरीन. क्लोरीन असलेले असे स्थिर वायू खालच्या हवेत लवकर विघटित होत नाहीत, त्यामुळे ते स्थितांबरापर्यंत पोहोचतात. तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी रेणू फुटून क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनच्या रेणूतला एक ऑक्सिजन अणू हिसकावतो, पुढच्या अभिक्रियेत पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्या रेणूकडे वळतो, त्यामुळे निष्क्रिय होण्यापूर्वी एकच अणू ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हा धोका १९७४ साली मांडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोनचा ऱ्हास प्रत्यक्ष मोजमापांतून जगापुढे आला आणि १९८७ मध्ये ओझोननाशक पदार्थांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला.

जुन्या फ्रीजमधल्या आर-१२च्या तुलनेत आर-२२ सौम्य आहे हे खरे. त्याच्या रेणूत हायड्रोजन असल्याने त्याचा बराचसा भाग खालच्याच हवेत नष्ट होतो, आणि तुलनेसाठी मापदंड मानल्या जाणाऱ्या सीएफसी-११ या वायूची ओझोननाशक क्षमता १ धरली तर याची ०.०५५ भरते. परंतु उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे, म्हणजे हवेत सोडलेला किलोभर आर-२२ पावणेदोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा ठरतो. (आर-१२चे जुने फ्रीज भंगारात जातात तेव्हा तांब्यासाठी नळी पकडीने तोडली जाते, त्याचा हिशेब कोण ठेवतो, देव जाणे.)

मी सहज विचारले की आर-२२ महागच होत जाणार, तर याच यंत्रात नव्या एसींमधला आर-३२ गॅस भरता येईल का. कारागिराने स्वच्छ नकार दिला. आर-३२चा दाब बराच जास्त असतो, त्याला लागणारे तेल वेगळे असते, आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. ‘चालतं हो सगळं’ म्हणत भलताच गॅस भरून देणारे लोक बाजारात असताना हा नकार मला मोलाचा वाटला. भारतात आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि २०३०नंतर केवळ दुरुस्तीपुरता अल्प साठा राहणार आहे, तेव्हा पुढचे यंत्र वेगळ्या गॅसचे घ्यावे, असेही त्याने सुचवले, पण नवा एसी गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला नाही.

आता तक्रारी. खर्च नुसता गॅस भरून घेण्याच्या जवळजवळ दुप्पट आला. कामाचे स्वरूप पाहता तो मला रास्त वाटला, तरी अंदाज आधीच सांगायला हवा होता. पर्वरीच्या रहदारीत अडकून माणूस बराच उशिरा आला आणि उशिराचा फोन आम्हालाच करावा लागला. सर्वांत मोठी उणीव बिलात आहे. भरलेल्या गॅसचे वजन त्यात लिहिले आहे, पण काढून घेतलेल्या गॅसचे नाही. तो साफ करून इतर जुन्या यंत्रांसाठी वापरतो, असे मालक सांगतात आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही; तथापि जे काम त्यांना इतरांपासून वेगळे ठरवते, त्याचीच नोंद कागदावर नसावी हे खटकते. ती एक ओळ घातली असती तर मी पाच तारे दिले असते. सध्या चार देतो.

या दुकानाकडे रिकव्हरी मशीन एकच आहे. त्यामुळे फोन करतानाच युनिटच्या पट्टीवरचा गॅसचा प्रकार वाचून सांगावा आणि मशीन घेऊन येण्यास बजावावे. एप्रिल-मेमध्ये त्यासाठी काही दिवस थांबावे लागेल.