लक्सॉल फास्ट ब्लू: प्रौढ मेंदूला उत्तम, पिल्लाच्या मेंदूला जपून

मायलिन, म्हणजे ॲक्सॉनभोवतीचं (मज्जापेशीच्या लांब तंतूभोवतीचं) चरबीयुक्त वेष्टण, दाखवणारी क्लुव्हर आणि बॅरेरा यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही रंगपद्धत अजून हटलेली नाही, कारण प्रौढ माऊसच्या कॉर्पस कॅलोसमवर (मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यावर) ती निळीशार उमटते. त्या कामासाठी रंग डोळे झाकून घ्यावा. पिल्लाच्या मेंदूसाठी मात्र थांबून विचार करावा लागतो.

माऊसमध्ये मायलिन मेरुरज्जूत जन्माच्या आसपास दिसू लागतं, ऑप्टिक नर्व्हमध्ये साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी, तर कॉर्पस कॅलोसममध्ये दुसऱ्या आठवड्यात. सुरुवातीला ॲक्सॉनभोवती मोजकेच वेढे असतात. रंग धरायला चरबीच थोडी, त्यामुळे निळाई फिकी. त्यात छेद (मेंदूचा पातळ काप) जरा जास्त धुतला की तीही जाते आणि वहीत ‘मायलिन नाही’ अशी नोंद होते.

द्रावण सोपं आहे: ९५ टक्के इथेनॉल १०० मिली, रंग ०.१ ग्रॅम, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ०.५ मिली. वापरण्याआधी गाळायचं. पॅराफिनचे १० मायक्रॉनचे छेद त्यात ५६ ते ६० अंशांवर रात्रभर. झाकण घट्ट हवं. अल्कोहोल उडालं तर रंगाचे कण छेदावर बसतात, शिवाय वाफ पेट घेऊ शकते, म्हणून ज्योत किंवा ठिणगी जवळ नको.

खरी कसोटी रंग उतरवताना. ताज्या ०.०५ टक्के लिथियम कार्बोनेटमध्ये प्रौढ छेद २०-३० सेकंद सहज सोसतो. पिल्लाचा ५ सेकंदच बुडवावा, ७० टक्के इथेनॉलमधून काढावा, पाण्यात धुऊन मायक्रोस्कोपखाली पाहावा. ग्रे मॅटर (मायलिन कमी असलेला, पेशींचा भाग) अजून निळं असेल तर पुन्हा ५ सेकंद. घड्याळावर विसंबून चालत नाही. त्याच छेदातला ब्रेनस्टेम (मेंदूचा मेरुरज्जूला जोडणारा बुंधा) हा फुकटचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, समजावा, कारण तिथे मायलिन आधी येतं. तो निळा आणि कॅलोसम कोरा असेल तर निष्कर्षाला आधार आहे. दोन्ही कोरे असतील तर आधी रंगावर आणि धुण्यावर संशय घ्यावा.

लवकरची सुरुवात पकडायला एमबीपी (मायलिनमधलं एक प्रथिन) ओळखणारी अँटीबॉडी जास्त संवेदनशील. पण तिची चूक उलट बाजूची: वेढे पडण्याआधीच ऑलिगोडेंड्रोसाइटच्या (मायलिन बनवणाऱ्या पेशीच्या) फांद्याही ती उजळते. वेढे मोजायचे किंवा मेंदूतला जी-रेशो (ॲक्सॉनचा व्यास भागिले मायलिनसकट व्यास) काढायचा तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा. परिघीय नर्व्हसाठी (मेंदू-मेरुरज्जूबाहेरच्या) ऑस्मियम लावून रेझिनमध्ये बसवलेले १ मायक्रॉनचे छेद आणि टोल्युइडिन ब्लू यांच्यापुढे हा रंग फिकाच पडतो.