टूडी इको की हृदयाचा एमआरआय?
सदाशिव पेठेतल्या माझ्या भाचीचं टेट्रालॉजी ऑफ फॅलो या हृदयाच्या जन्मजात दोषाचं ऑपरेशन लहानपणीच झालं. आता ती १६ वर्षांची आहे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दरवर्षी होतो. छातीवर थंडगार जेली, अर्धा तास, झालं. झडपांची हालचाल त्यात झटकन दिसते. पण हृदयाचा उजवा खालचा कप्पा छातीच्या हाडामागे दडलेला, शिवाय वेडावाकडा. तिथे इको चाचपडतो. एमआरआय त्याचं आकारमान मिलिलिटरमध्ये देतो, फुप्फुसाकडच्या झडपेतून किती रक्त उलटं फिरतं तेही मोजतो. झडप कधी बदलायची, हे बरंचसं त्यावरच ठरतं. क्ष-किरणही नाहीत. फक्त तासभर बोगद्यात पडून ‘श्वास रोखा, सोडा’ ऐकायचं. तान्ह्या बाळाला बऱ्याचदा भूल द्यावी लागते, म्हणून तिथे आधी इकोच बरा. भाचीला मात्र मशीनच्या खडखडाटापेक्षा कानातले काढायचाच वैताग जास्त!