इटलीतली पॅसेंजर: दहा महिन्यांच्या शनिवार-रविवारांनंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये मी मास्टर्ससाठी बोलोन्याला आले. तेव्हापासून जून २०२५ पर्यंत आठवड्याच्या सुट्टीचा एक तरी दिवस मी बहुतेक वेळा 'रेजोनाले'त काढला. रेजोनाले म्हणजे आपली पॅसेंजर: प्रत्येक गावाला थांबणारी, आरक्षण नसलेली, जागा मिळेल तिथे बसायची गाडी. नवीन येणारी मुलं मला सारखं विचारतात की शनिवार-रविवारी कुठे जायचं आणि कसं. एवढे महिने वापरून माझं मत पक्कं झालंय, ते इथे सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखंच केलं. रोम, मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स. वेगवान गाडीची तिकिटं विमानासारखी असतात, लवकर काढली तर परवडतात, उशीर झाला की खिसा रिकामा. म्हणून तीन आठवडे आधी तारीख ठरवायची. मग नेमका त्याच सोमवारी पेपर यायचा, किंवा ताप यायचा. रोमला दोन दिवसांत जे पाहिलं त्यातलं आज मला धड काही आठवत नाही, पाय किती दुखत होते तेवढं आठवतं.

पॅसेंजरचं भाडं अंतरावर ठरतं. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, पैसे तेवढेच. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. शनिवारी सकाळी उठायचं, आकाश बघायचं, अभ्यास किती उरलाय ते बघायचं आणि मग ठरवायचं. फेर्रारा साधारण अर्धा तास, मोदेना त्याहून जरा कमी, फोर्ली पाऊण तासाच्या आसपास, रावेन्ना सव्वा तास, पादोव्हा दीड. बोलोन्या हे जंक्शन आहे, चारही दिशांना गाड्या सुटतात. त्या अर्थाने राहायला हे शहर मिळालं हे माझं भाग्यच.

आता तिकिटाचं नीट समजून घ्या, कारण मला दंड इथेच झाला. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. त्या वेळेपासून ते चार तास चालतं. फोनवर तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी त्यातच 'चेक-इन' करायचं. मी पैसे भरले होते, तिकीट फोनमध्ये होतं, पण चेक-इन केलं नव्हतं. तपासनीस शांतपणे म्हणाला की हे तिकीट तू पुन्हा वापरू शकली असतीस, आणि पावती फाडली. त्याचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट फलाटांची. बोलोन्याच्या मुख्य स्टेशनावर नुसता आकडा वाचून धावू नका. काही आकड्यांपुढे 'ओव्हेस्त' म्हणजे पश्चिम किंवा 'एस्त' म्हणजे पूर्व असं लिहिलेलं असतं, आणि ते फलाट अगदी टोकाला, वेगळे आहेत. '४' आणि '४ ओव्हेस्त' या दोन निराळ्या जागा. वेगवान गाड्यांचे १६ ते १९ हे फलाट तर खोल जमिनीखाली. हातात दहा मिनिटं ठेवा. त्यातली दोन मिनिटं प्रतीक्षागृहाच्या भिंतीपाशी थांबा. २ ऑगस्ट १९८० ला इथे बॉम्ब फुटून ८५ माणसं गेली. बाहेरचं एक घड्याळ त्या क्षणाची आठवण म्हणून १०:२५ वरच थांबवून ठेवलंय. मी रोज त्याच्याखालून जायचे आणि दोन महिने मला वाटत होतं की ते बिघडलंय. मैत्रिणीने सांगितलं तेव्हा फार वाईट वाटलं.

वेळापत्रकाचा पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. गाडीपुढे दोन हातोड्यांची फुली असेल तर ती कामाच्या दिवशीच धावते, क्रूस असेल तर रविवारी आणि सणाला. शनिवार तिथे कामाचा दिवस धरतात, म्हणून शनिवारी जाऊन रविवारी परतणाऱ्याने दोन्ही खुणा बघायच्या.

या गाड्यांचा खरा त्रास म्हणजे संप. तो आधी जाहीर होतो, वाहतूक मंत्रालयाच्या यादीत तारखा असतात, त्या बघायची सवय लावा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक पॅसेंजर गाड्या सोडाव्याच लागतात. रविवारी हे संरक्षण नाही. एका रविवारी मी फेर्राराच्या स्टेशनावर दुपारपासून रात्री नऊपर्यंत बसून होते, थंडी मरणाची आणि फोन संपत आलेला. जानेवारीत चार्जर विसरू नये.

खाण्याचं. मी शाकाहारी आहे. आईने शिकवलेल्या दशम्या शुक्रवारी रात्री करून ठेवते, दोन दिवस छान राहतात. बाहेर रोमान्यात, म्हणजे बोलोन्याच्या पूर्वेकडच्या भागात, 'पियादिना' मिळते, तव्यावर भाजलेली जाडसर पोळीच ती, पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलातलीही असते, मागून घ्यायची. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा अर्क) असतं, हे मला तीन महिन्यांनी कळलं. ज्यांना चालत नाही त्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं.

कुठे जावं, तर माझं उत्तर रावेन्ना. आणि एकदा नाही, चारदा. मी यायला आणि रोमान्यात पूर यायला एकच गाठ पडली, रेल्वेही बंद पडली होती, म्हणून पहिला बेत फसला. शेवटी ऑक्टोबरमध्ये गेले. रोमन सम्राज्ञी गाला प्लाचिदियाच्या नावाची समाधी बाहेरून अगदी साधी, विटांची, आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कोठारासारखी. आत वाकून शिरलात की गडद निळं छत आणि त्यावर सोनेरी चांदण्या, पाचव्या शतकापासून तशाच. आत थोडीच मिनिटं थांबू देतात. डोळे अंधाराला सरावतात तोच वेळ संपते. म्हणूनच परत जावं लागतं! शेजारचं सान व्हिताले चर्च ५४७ साली पूर्ण झालं, तिथे मात्र हवं तितकं बसा. पादोव्हाला जोत्तो या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं असलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपेल आहे. तिथे मात्र तिकीट आधीच काढावं लागतं, ऐनवेळी ठरवून चालत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. गर्दी होते, पण मोठ्या शहरांत. लहान गावांत नाही.

बोलोन्याहून पोर्रेत्ताला जाणारी गाडी रेनो नदीच्या कडेकडेने डोंगरात शिरते. पुढे पिस्तोइयापर्यंत जाणारा हा रेल्वेमार्ग १८६४ साली पूर्ण झाला, आणि आपला बोरघाट १८६३ चा. मी पोर्रेत्तापर्यंतच गेले, पण खिडकीतून बोगदे आणि ओलं जंगल बघताना पुणे-मुंबई प्रवासातला पाऊस आठवत राहिला.

आता फोर्ली. आम्ही सातारचे, घराण्यात फौजी पुष्कळ. नोव्हेंबरमध्ये आजोबांचा फोन आला. "रोम-बिम झालं ना बघून? आता आपल्या पोरांना भेटून ये." दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंट इटलीत लढली, एवढंच मला माहीत होतं. फोर्लीत भारतीय सैन्याची युद्ध दफनभूमी आहे, हे त्या रात्री शोधलं आणि शनिवारी गेले. ४९६ थडगी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या सातशेहून अधिक जवानांचं स्मारक. त्यावर आपल्याकडची आडनावं कोरलेली आहेत. मी प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं, गवत मात्र नीट कापलेलं होतं.

मराठा रेजिमेंटच्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. पहिले रायगड जिल्ह्याचे यशवंत घाडगे, ते १० जुलै १९४४ ला तायबर खोऱ्यात कामी आले. मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांचं सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक झालं. तिथे पॅसेंजर पोचत नाही, म्हणून माझं ते राहिलंय. दुसरे नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं. मग एकट्याने शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं.

रावेन्नाची गाडी लुगो सोडल्यावर ती सेनिओ ओलांडते. पहिल्या खेपेला मी त्याच पुलावरून फोन बघत गेले होते. या जूनमध्ये चौथ्यांदा निघाले तेव्हा लुगो येताच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेला टेकवला. दोन्हीकडे उंच मातीचे बांध, त्यावर वाळकं गवत, मधे बारीकसं पाणी. पूल काही सेकंदांत संपला. आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "येताना परत दाखव गं."

परतीची गाडी ५:३० ची होती. मी खिडकीची जागा धरून ठेवली.