पिलरवर तीन डायल, की कॉलमवर एकच?

डिझेल पिकअपला जादाचे गेज लावायचं ठरलंय, बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा जादा दाब), ईजीटी (एक्झॉस्टच्या धुराचं तापमान) आणि गिअरबॉक्स ऑइलचं तापमान हे तिन्ही डोळ्यासमोर हवंय, पण कॅबमधे जागाच नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. गेज कशाला लागतात हे सांगत बसत नाही, ज्याला ते माहीत नाही त्याला बहुतेक लागतही नाहीत. मी दोन्ही प्रकार वापरून झालेत, पिलरवरचे (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरचे) तीन जवळजवळ तीन वर्षं आणि आता स्टीअरिंग कॉलमवरचा एक, त्याला दीड वर्ष होत आलं. मोजमापं घेऊन तुलना वगैरे केलेली नाही, जे आहे ते माझ्या गाडीपुरतं आणि माझ्या डोळ्यांपुरतं समजा.

आधी फोनचं उरकून टाकतो, कारण जागा वाचवायची म्हटली की पहिला विचार तोच येतो. ओबीडी पोर्टात (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटात) ब्लूटूथ डोंगल खुपसायचा, फोनवर ॲप टाकायचं, झालं, एक भोक नाही की एक वायर नाही. मी पण सुरुवात तिथूनच केली. कूलंट, आरपीएम, बॅटरी व्होल्टेज सगळं छान दिसतं, पण बूस्टला एक गोम आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) दाबाचा जो जुना ठरलेला ओबीडी आकडा आहे तो एका बाइटचा, म्हणजे 0 ते 255 किलोपास्कल, त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. त्यातून बाहेरच्या हवेच्या दाबाचे 101 वजा केले की उरतात 154, म्हणजे साधारण 22 पीएसआय. ट्रेलर लावून चढाला लागलं की माझी गाडी 22 सहज ओलांडते, आणि ॲपमधला काटा मात्र 22 वर जाऊन असा चिकटायचा की मी आठवडाभर टर्बोच्या मागे लागलो होतो, वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) बघितला, होजचे सगळे क्लॅम्प आवळले, एक तर इतका आवळला की तो वाकडा झाला. टर्बोला काहीच झालं नव्हतं. गाडीच्या कंपनीचे स्वतःचे कोड वाचणारं ॲप असेल तर हा घोळ होत नाही, पण ते आपल्या मॉडेलला चालतंय का हे आधी बघून घ्या.

ईजीटीचंही तसंच. जुन्या गाडीत तो सेन्सरच नसतो, डीपीएफवाल्या (एक्झॉस्टमधे काजळीचा फिल्टर असलेल्या) नव्या गाड्यांत असतात पण त्यातले बरेचसे टर्बो ओलांडून पुढे बसवलेले. टर्बाइन फिरवण्यात उष्णता खर्ची पडते, त्यामुळे गाडीला जोर लागलेला असताना टर्बोच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांत शंभर-दीडशे सेल्सिअसचा फरक सहज पडतो, आणि पिस्टनला भाजतं ते आधीचं. वर डीपीएफचं रीजन (साठलेली काजळी जाळणं) सुरू झालं की तो पुढचा सेन्सर सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत पण 600 दाखवतो आणि छातीत धस्स होतं. एवढं सगळं कळेपर्यंत माझा फोन एकदा उन्हात तापून स्वतःच बंद पडला, तेव्हा तो विषय मी सोडला. शिवाय त्या पोर्टाच्या 16 नंबरच्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते, गाडी बंद केली तरी डोंगल आपला करंट खात बसतो, गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर काढून ठेवा.

आता मुद्द्याचं.

ए-पिलरवरचा तीन डायलचा पॉड (डायल बसवायची खोळ) जागा खातच नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण ती जागा तशीही फुकटच जात असते. डायल 52 मिलिमीटरचे, 60 किंवा 67 वाले वाचायला जास्त बरे पण ते तीन एका पिलरवर मावत नाहीत. आणि काट्याचं सुख वेगळंच असतं हे मी आजही मान्य करतो. आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो. मी तिन्ही डायल पॉडमधे थोडे थोडे फिरवून बसवले होते, असे की नेहमीच्या चालीत तिन्ही काटे साधारण वरच्या दिशेला उभे राहतील, मग एखादा जरी कलला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. ही युक्ती रेसिंगवाल्यांची आहे, माझी नाही.

बसवायला मात्र वैताग. प्रत्येक डायलला पॉवर, अर्थ, लाइटची वायर आणि वर सेन्सरची वेगळी, असा सगळा जुडगा पिलरच्या आत दाबायचा, आणि नेमकं तिथेच कर्टन एअरबॅगवाल्या गाड्यांमधे एअरबॅगचा मार्ग असतो. तुमच्या गाडीत तिथे एअरबॅग असेल तर माझं ऐकाल तर पिलरचा नादच सोडा. माझ्या गाडीला नाही, म्हणून मी केलं.

ईजीटीच्या सेन्सरसाठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडण्याचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, त्यामुळे ते तुलनेत धरत नाही, पण ज्यांच्या पोटात त्या विचारानेच गोळा येतो त्यांच्यासाठी सांगतो, माझ्याही आला होता. ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासायचं, थोडं ड्रिल करायचं, बाहेर काढून पुसायचं, परत ग्रीस, परत थोडं. बीडाचा चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, काळा चिखलच दिसतो तो. आटे पाडतानाही तसंच. शेवटी मॅग्नेट आत फिरवून घ्यायचा. माझ्या मॅग्नेटला शेवटच्या फेरीत नखाएवढा एक तुकडा लागून आला आणि तो टर्बाइनच्या पात्यांवर गेला असता तर काय, या विचाराने मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो होतो.

तर पिलरचे डायल का काढले. बिघडले म्हणून नाही, आकडे चुकीचे होते म्हणूनही नाही. काढले ते काचेतल्या प्रतिबिंबामुळे.

पिलरवरचे डायल ड्रायव्हरकडे तोंड करून असतात आणि त्यांच्या शेजारीच दाराची काच. रात्री डायलचा लाइट त्या काचेवर पडतो आणि तिन्ही डायल काचेच्या पलीकडे, बाहेर अंधारात तरंगताना दिसतात, आणि माझ्या बसण्याच्या उंचीला ते बरोबर बाहेरच्या आरशावर येऊन बसायचे. पुढे गाडी चालवताना याची सवय होते, पहिले काही महिने मला ते छानही वाटायचं खरं सांगायचं तर. पण रात्री ट्रेलर रिव्हर्स घ्यायचा असेल तेव्हा आरशात बघायचं असतं ट्रेलरचं मागचं चाक, आणि दिसतो काय तर उलटा बूस्ट गेज. मी मान पुढे काढायचो, मग मागे घ्यायचो, काच खाली करायचो. काच खाली केली की प्रतिबिंब गेलं, पण पावसात किती वेळा काच खाली करणार.

उपाय काय काय केले ते पण सांगतो, म्हणजे तुम्ही परत तेच करायला नको. लाइटची वायर डॅशच्या डिमरला जोडली, तर माझ्या गाडीचा डिमर व्होल्टेज कमी करत नाही, लाइट झपाझप चालू-बंद करून मंद भासवतो, आणि ते या डायलना मानवेना, कमी केलं की तिन्ही लुकलुकायला लागायचे. मग वेगळा डिमर टाकला. त्याने प्रतिबिंब फिकं झालं पण गेलं नाही, अंधारात डोळ्याला फिकंही पुरतं. मग डायलच्या काचेवर काळी फिल्म लावली, रात्रीचं बऱ्यापैकी जमलं, आणि दिवसा उन्हात काटा दिसेनासा झाला. म्हणजे ज्या चढावर ईजीटी बघायचा त्या चढावर तोच दिसत नाही. शेवटी लाइटच बंद करायला एक स्विच बसवला, रिव्हर्सला जाताना बंद, नंतर चालू, आणि नंतर चालू करायचं विसरायचो. एका रात्री असाच विसरून लांबचा चढ पूर्ण चढलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की ईजीटी कुठे होता मला काहीच माहीत नाही. गेज असून नसल्यासारखे. त्याच आठवड्यात दुसरा शोधायला लागलो.

दुसरा म्हणजे एकच 52 मिलिमीटरचा गोल, पण आत काटा नाही तर स्क्रीन, ज्यावर दोन-चार किंवा जास्तही आकडे एकदम दिसतात. बँक्सचा आयडॅश याच जातीतला, आणखीही आहेत. काही आकडे तो ओबीडीतून उचलतो आणि ईजीटीसारखे आकडे स्वतःच्या सेन्सरवरून घेता येतात, हे महत्त्वाचं, कारण नुसता ओबीडीवर चालणारा घेतलात तर वर फोनबद्दल सांगितलेली रडगाणी परत सुरू. घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: थर्मोकपल (ईजीटी मोजणारा सेन्सर) जोडता येतो का, आणि माझ्या गाडीचा बूस्ट 22 च्या वर दाखवतो का.

बसवला स्टीअरिंग कॉलमवरच्या पॉडमधे, क्लस्टरच्या (स्पीडोमीटरच्या पॅनेलच्या) छज्ज्याखाली. तिथून दाराच्या काचेचा संबंधच येत नाही. पुढच्या काचेवर पण काही उमटत नाही, निदान माझ्याकडे तरी नाही. स्वतःचा लाइट सेन्सर आहे, अंधार पडला की आपोआप मंद होतो. पहिल्या रात्री रिव्हर्स घेताना आरसा इतका रिकामा दिसला की मी उगाच दोनदा पुढे-मागे केलं.

दोष आहेत, नाही असं नाही. आकडे बारीक आहेत, चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी चारऐवजी दोनच ठेवावेत, मी दोनच ठेवतो, ईजीटी मोठा आणि खाली गिअरबॉक्स. बूस्टसाठी बटण दाबून पुढच्या पानावर जावं लागतं आणि खरं सांगू का, काही आठवड्यांनी मी बूस्ट बघायचंच सोडलं. ओबीडीतून येणारे आकडे जरा रेंगाळतात, जितके जास्त मागाल तितका प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो. पॉडमुळे क्लस्टरचा खालचा एक तुकडा झाकला जातो, माझ्याकडे ट्रिप मीटर गेला, तुमच्याकडे डिझेलचा काटा जाऊ शकतो. स्टीअरिंग खाली-वर करायची सवय असेल तर वायरला ढील ठेवा. आणि तो एक गेला की सगळंच गेलं, तीन डायलमधला एक मेला तर दोन उरतात, हा युक्तिवाद मला मान्य आहे.

काट्याची उणीव मी अलार्मने भरून काढली. ईजीटीला 675 सेल्सिअस टाकलंय, म्हणजे ते 1250 फॅरेनहाइट जे बहुतेक सगळे धरतात, तिथे पोचला की स्क्रीन लाल होते. ॲल्युमिनियम 660 ला वितळतं, पिस्टन काही लगेच वितळत नाही कारण खालून ऑइल आणि बाजूने सिलिंडर त्याला थंड करत असतात, पण तिथे फार वेळ रेंगाळायचं कारणही नाही. काट्याकडे मला बघावं लागायचं, हा मला हाक मारतो. दुसरा फायदा गाडी बंद करताना, ईजीटी दीडशेच्या खाली आला की किल्ली फिरवायची, तो आकडा बारीक काट्यावरून अंदाजाने घेण्यापेक्षा सरळ वाचता येतो.

थर्मोकपलच्या वायरबद्दल एक सांगायचं राहिलं. ती तांब्याची नसते, के-टाइप थर्मोकपलला एका अंशामागे जेमतेम 40 मायक्रोव्होल्ट येतात, आणि मधे साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवली की आकडा चुकतो. पिलरपासून कॉलमपर्यंतचा रस्ता बदलल्यामुळे मला वीतभर कमी पडत होती आणि मी जोडायला निघालोच होतो, एका मित्राने हात धरला. त्याच प्रकारची एक्स्टेन्शन वायर मिळते, तीच घ्या.

तुम्ही रात्री फारसे चालवत नसाल, ट्रेलर नसेल, किंवा जुनी गाडी असेल जिच्यात ओबीडीच नाही, तर पिलरवरचे काटे लावा, मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्या तीन वर्षांत त्यांनी एकदाही खोटा आकडा दाखवला नाही. फक्त पॉडला स्क्रू मारण्याआधी एक करून बघा. रात्री पूर्ण अंधारात गाडीत बसा, फोनवर पांढरी स्क्रीन ठेवून ब्राइटनेस कमी करा, फोन पिलरवर जिथे डायल येणार तिथे टेपने चिकटवा, आणि नेहमीसारखं मागे टेकून बाहेरच्या आरशात मागचं चाक शोधा. तिन्ही उंचीवर लावून बघा, एकाच ठिकाणी बघून उठू नका, माझा वरचा डायल ठीक होता, मधला आणि खालचा नडला.