भोक बुजवायचं की गोळीवर राहायचं?

एकदा स्ट्रोक येऊन गेला, तपासण्यांत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक, म्हणजे पीएफओ, सापडलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बुजवलं तर परत येणार नाही ना? येऊ शकतो. शक्यता किती उरते, ते मात्र माणसागणिक बदलतं.

हे भोक आईच्या पोटात सगळ्यांनाच असतं. साधारण चारातल्या एकाचं ते मोठेपणीही पूर्ण मिटत नाही, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ते सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. बबल टेस्टमध्ये हवेसोबत घुसळलेलं सलाइन हाताच्या शिरेतून सोडतात, कुंथायला सांगतात आणि सोनोग्राफीच्या स्क्रीनवर हृदयात पांढरे ठिपके उजवीकडून डावीकडे किती जातात ते बघतात. ठिपके भरपूर, किंवा मधला पडदा शिडासारखा हलणारा, तर संशय बळावतो.

सहा क्लिनिकल चाचण्यांतल्या ३,७४० रुग्णांची माहिती २०२१ मध्ये एकत्र तपासली गेली. रक्त पातळ करणाऱ्या नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत वर्षाला हजारी सुमारे ११ जणांना पुन्हा स्ट्रोक आला, बुजवलेल्यांत सुमारे ५ जणांना. फरक खरा, पण खरी गोम पुढे आहे. ज्यांच्यात भोकच कारण असण्याचा संभव मोठा, त्यांच्यात धोका ९० टक्क्यांच्या आसपास घटला. ज्यांच्यात तो कमी, त्यांना फायदा दिसलाच नाही.

म्हणजे धरा, फोंड्याचा ३८ वर्षांचा गडी, ना बीपी, ना शुगर, ना सिगारेट, दुसरं कारण शोधूनही सापडलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर बुजवून घेतलं असतं. डिचोलीचे ६६ वर्षांचे काका, जुना डायबिटीस, मानेच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर: त्यांचा पुढचा स्ट्रोक भोकाची वाट बघत बसणार नाही. तिथे मी बीपी, शुगर आणि गोळ्यांवरच जोर देईन, आणि ठोके अनियमित होतात का ते जास्त दिवस तपासून घेईन.

बुजवण्यात छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन दोन चकत्यांचं डिव्हाइस बसवतात. त्याच्या तारेत निकेल असतं, तेव्हा खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज येत असेल तर आधीच सांगा. काहींना नंतर एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे ठोक्यांची लय बिघडते. एका चाचणीत बुजवलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना झालं, नुसत्या गोळ्यांवाल्यांत ०.४ टक्क्यांना. बरेचदा ते सुरुवातीच्या आठवड्यांतच येतं आणि जातं.

गोळ्या सुटतील म्हणून बुजवणार असाल तर थांबा. सुरुवातीचे काही महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन, मग त्यातली एक, युरोपातल्या तज्ज्ञांच्या मते किमान ५ वर्षं. तारवटींनी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी, हे विशेष लक्षात घ्यावं: जहाजावर चढायच्या आधी गोळ्यांचा पुरेसा साठा हवा.

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, जा किंवा खासगीत, न्यूरोलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांचं मत घ्या. भोक बुजवतो कार्डिओलॉजिस्ट, पण स्ट्रोक कशाने आला हे आधी न्यूरोलॉजिस्टने सांगायला हवं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड असेल तर हे डिव्हाइस त्यात बसतं का ते भरती व्हायच्या आधी काउंटरवर विचारा. आणि जाताना एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी घेऊन जा.