जुना फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक, १४ महिने आणि अंगठ्याएवढी एक झडप

२ इंची लिफ्ट (चासी ॲक्सलपासून तेवढी उंच उचलणे), २९ इंचांऐवजी ३१ इंची टायर आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारी किंवा सुटी करणारी कळ) एवढे बदल करून हा जुना ट्रक मी १४ महिने दगडांतून, वाळूतून आणि ओढ्यांतून चालवला आहे. सहाव्या महिन्यात लिहिलेला मजकूर मी टाकून दिला, कारण त्यात टायरांचे नुसते कौतुक होते, लिफ्टची नुसती निंदा होती आणि ज्या भागाने मला सर्वांत जास्त खर्चात पाडले, त्याचा उल्लेखच नव्हता. तो भाग म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरचा ब्रीदर, हवा आत-बाहेर जाऊ देणारी झडप.

लिफ्टबद्दल आधी सांगतो. पैसे वाचवायचे म्हणून मी नवे पाटे (लीफ स्प्रिंग) न घेता त्यांचे टोक चासीला जोडणारे शॅकल लांब लावले होते. शॅकल पाट्याचे एकच टोक उचलत असल्यामुळे ॲक्सलपाशी निम्मीच उंची मिळते, म्हणजे २ इंचांसाठी शॅकल ४ इंच लांब घ्यावे लागते. माझ्या ट्रकात पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असल्याने ॲक्सल पुढे कलला, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झाला आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागू लागले. शेवटी पाटे बदलले, कोन साधण्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचरी बसवल्या आणि ब्रेकचे होजही लांब घेतले. तेव्हापासून तक्रार नाही; वाचवलेले पैसे मात्र दुप्पट होऊन गेले. टायर मोठे असल्याने स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा ट्रक ६४ च्या वेगाने जात असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

आता ब्रीदर. ॲक्सलच्या हाऊसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर अंगठ्याएवढी झडप असते आणि गिअर ऑइल तापून आतली हवा फुगली की ती तेथून बाहेर पडते. लांबचा चढ चढून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला, की तीच हवा झपाट्याने आकसते आणि बाहेरची हवा आत यावी लागते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती वाट बंद होते आणि हाऊसिंग सीलच्या (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या) कडेने पाणी ओढून घेते. सीलची रचना मुख्यतः आतले तेल बाहेर येऊ न देण्यासाठी असते, बाहेरचे पाणी अडवण्यात ती तेवढी भक्कम नसते. हे सगळे मला आज पाठ आहे. त्या वेळी यातले एक अक्षरही ठाऊक नव्हते.

एका ओढ्यानंतर तीन आठवड्यांनी ॲक्सिलरेटर सोडला की मागून बारीक घोंघावणे ऐकू येऊ लागले. भरणीचा बोल्ट उघडून बोट घातले तर तेल दुधाळ झालेले. गॅरेजमध्ये पिनियनचे (इंजिनाकडची ताकद ॲक्सलमध्ये आणणाऱ्या छोट्या गिअरचे) आणि दोन्ही बाजूंचे सील बदलले, तेल बदलले, बिल दिले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे रात्रभर उभ्या ट्रकचा तळाचा बोल्ट उघडताच आधी पाण्याची धार आली आणि मग तेल. मी सील निकृष्ट असल्याचे म्हणत होतो, मेकॅनिक ट्रक पाण्यात घालायलाच नको होता असे म्हणत होता आणि हा वाद चांगला तासभर चालला. त्यानंतर घरी खाली सरपटत जाऊन मी ब्रीदरची टोपी फिरवून पाहिली, तर ती वाळलेल्या चिखलात गच्च बसली होती. सीलवरून भांडलो ती माझी चूक होती, हे मान्य. पण दोनदा हाऊसिंग उघडूनही त्या टोपीला कोणीही हात लावला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तोवर पिनियनच्या बेअरिंगला खड्डे पडले होते, तीही बदलावी लागली.

उपाय इतका स्वस्त निघाला की चिडच आली. झडपेच्या जागी नळीचा जोड बसवायचा, तेलाला टिकणारी रबरी नळी चासीवरून बोनेटखाली उंचावर न्यायची आणि टोकाला इंधनाचा छोटा फिल्टर लावायचा. पहिल्या वेळी मी नळीही काटकसरीने कापली, त्यामुळे एका खड्ड्यात ॲक्सल पूर्ण खाली लोंबताच ती जोडातून निसटली. आता भरपूर ढील ठेवली आहे आणि पुढचा ॲक्सल, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी) यांच्या नळ्याही तेथेच आणल्या आहेत.

लॉकिंग हबबद्दल माझे मत पहिल्या दिवसापासून चांगले आहे. उतरून, चिखलात वाकून ते फिरवावे लागतात हे खरे, पण डांबरी रस्त्यावर ते सुटे ठेवले की पुढचा शाफ्ट आणि क्राउन-पिनियन विनाकारण फिरत नाहीत. माझ्या ट्रकात मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकायचे नाही, हा नियम मी पाळतो. नाहीतर वळणावर गिअर अडकून बसतात आणि लिव्हर निघता निघत नाही.

परवा पुन्हा मागचे तेल काढले. पाण्याचा थेंब नव्हता, चुंबकी बोल्टवर करड्या भुकटीचा पातळ थर होता आणि बोटांत चोळल्यावर एकही कण टोचला नाही. तरी बोल्ट घट्ट करण्यापूर्वी मी बोनेट उघडून त्या फिल्टरमधून एकदा फुंकून पाहिलेच.